लेकीच्या घरची वीज

श्रीगोंदा, २ एप्रिल

लंकाबाई विहीणबाईंना चंद्रकलाचा नमस्कार.

पाकीट बघून घाबरू नका. इकडे सगळे धडधाकट आहेत आणि कुणी रुसलेलंही नाही. आमच्या ह्यांनी जीप विकून विजेची गाडी घेतली, म्हणून माझ्यावर पत्र लिहायची पाळी आली आहे.

झालं असं, की त्यांनी माझाही मोबाईल गाडीला जोडून टाकला. परवा तुमचा फोन आला तेव्हा आम्ही बाजारतळावर होतो. काचा उघड्या होत्या आणि तुमचा आवाज गाडीच्या चारी कोपऱ्यांतून निघाला, "तुमचा नवरा लई जुन्या वळणाचा हाय बघा, विहीणबाई." भाजीवाल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. हे शांतपणे म्हणाले, "आवाज काय स्वच्छ येतो न्हाई?" मेसेज केला तर गाडी तोही मोठ्यानं वाचून दाखवते. तेव्हा आपल्या दोघींचं काही असेल ते कागदावरच. उत्तर आमच्या घरी नको, शेजारच्या मोनिकाच्या ब्युटी पार्लरच्या पत्त्यावर पाठवा.

गाडी मात्र गुणी आहे, खोटं कशाला बोलू. धूर नाही, गिअर नाही, क्लच नाही. पंपावर रांग लावायची नाही. आवाज तर इतका नाही, की शेजारचा बोकड तिच्यापुढं रवंथ करत बसला तो हॉर्न दिल्यावरच उठला. सगळा जन्म साखर कारखान्याच्या वर्कशॉपात फोरमन म्हणून गेलेला हा माणूस, आता मधूनच हात नाकाशी नेऊन डिझेलचा वास शोधतो. घरात चार्जर लावला तर त्यावर लाल दिवा. का, तर अर्थिंग नीट नाही. मग अंगणात खड्डा खणला, त्यात मीठ-कोळसा भरला, तेव्हा कुठं हिरवा दिवा लागला. खड्डा ओला राहिला पाहिजे म्हणून हे रोज सकाळी तुळशीला एक तांब्या आणि अर्थिंगला एक तांब्या पाणी घालतात. झोपण्याआधी मोबाईल उघडून गाडी किती भरली ते बघतात, आणि मगच कूस बदलतात.

आता मुद्द्याचं. ही गाडी आमच्या घरून तुमच्या नेवाशाला येईल, पण एका दमात परत जाणार नाही. जीप जाऊन-येऊन पुरायची, म्हणून तर ह्यांचं फावत होतं. लेकीला लेकरू होईस्तोवर तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा त्यांच्या आईचा नेम. सृष्टीच्या लग्नाला दोन वर्षं झाली. दर खेपेला अर्धा तास तुमच्या ओट्यावर बसायचं, घरून आणलेल्या बाटलीतलं पाणी प्यायचं आणि किल्ली वाजवायची. पाण्याच्या तांब्यासाठी का पोरींनी लेकरं जन्माला घालायची, विहीणबाई? मला फार काही नको. एक रात्र लेकीच्या घरी झोपायचं आहे आणि सकाळी तिच्या हातचा चहा प्यायचा आहे. ह्यांनीही प्यावा असं वाटतं. ह्या गाडीनं ते जमेल का, सांगा.

तुमची,
चंद्रकला

·

नेवासा, ८ एप्रिल

चंद्रकलाबाईंना लंकाचा रामराम.

पत्र वाचून मी एकटीच इतकी हसले, की आमचे मालक बिभीषणराव पाण्याचा तांब्या घेऊन धावत आले. त्यांना वाटलं उन्हानं मला काही झालं. त्यांना सगळं सांगितलं आहे. लंका आणि बिभीषण एकाच पक्षात, असं पहिल्यांदाच घडतंय.

अहो, जमेल म्हणजे काय, जमलंच समजा. गाडी आमच्या दारात येऊन उपाशी पडली, की तुमच्या फोरमनसाहेबांना आमच्या भिंतीचं बटण लावावंच लागेल. घरातल्या बटणावर ती रात्रभर पीत बसते असं तुमचा जावई, आमचा ज्ञानेश्वर सांगतो. बघा, माणसांनी असलं औषध शोधून काढलं आणि त्याचं नाव ठेवलं चार्जिंग. विजेच्या गाडीचा हा दोष आहे म्हणतात, मला तर हाच तिचा गुण वाटतो. पूर्वी बैलं सोडली की पाहुणा आपोआप मुक्कामाला राहायचा. पेट्रोल आलं आणि पाहुणे उभ्याउभ्या यायला लागले.

मी ज्ञानेश्वरला सांगून ओट्याजवळ मोठं बटण बसवून घेतलं. अर्थिंगचा खड्डाही खणला. तुमच्याकडून शिकले आहे ना. सृष्टीला काही बोलले नाही, पण ती हुशार आहे. आज शाळेत शिकवून आल्यावर बटणाकडे बघून म्हणाली, "आई, आपल्याकडं गाडी न्हाई अन् बटण कशाला?" मी म्हटलं, पिठाची गिरणी घ्यायचा विचार आहे. तर म्हणते, समोर मोहियोद्दीनचाचांची आहे की. पण मग आत जाऊन तिनं कपाटातली नवी चादर काढली आणि ऊन दाखवायला गच्चीवर नेली.

तुम्ही एवढंच करा. येताना गाडीतला एसीचा गारवा पूर्ण सोडा, गाणी लावा, दिवे लावा, जमलं तर तुमच्या ह्यांना जोरात पळवायला सांगा. गाडी रिकामी करून आणा.

लंकाबाई

·

श्रीगोंदा, १५ एप्रिल

विहीणबाई,

तुमच्या बटणाची बातमी मी गाफीलपणे ह्यांच्या कानावर घातली आणि त्यांच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. तिसऱ्या दिवशी भाकरी मोडता मोडता म्हणाले, "चंद्रे, पानी चालत न्हाई तर वीज कशी चालंल?"

मी म्हटलं, वीज काय पितात का? तर म्हणाले, "गाडी पिती. गाडी माझी. म्हंजी म्याच पेलो." पुढं त्यांनी शास्त्र काढलं. तुमच्या ओट्यावरच्या पंख्याचा वारा घेतला तर चालतो, कारण पंखा आपण नसलो तरी फिरतो. उजेडही चालतो. पण मुद्दाम आपल्यासाठी बटण दाबून घेतलेली वीज म्हणजे पाणीच. आता हा नियम त्यांच्या आईनं कधी सांगितला, ते त्यांनाच ठाऊक. तिच्या काळी आमच्या गल्लीत खांब आले नव्हते.

जाताना नगरच्या बाहेर एका हॉटेलवर मोठा चार्जर आहे, तिथं भरू आणि नेवाशाला कुणाच्या उपकारात राहायला नको, असा त्यांचा बेत आहे. वीस तारखेला, रविवारी येतोय. मी गारव्याचं बघते.

आणखी एक सांगते, हसू नका. हे मला गाडी शिकवतायत. पूर्वी जीपचं लायसन काढलं होतं, पण क्लचपर्यंत माझा पाय पुरायचा नाही म्हणून ते तसंच राहिलं. इथं पायाशी दोनच पेडलं, एक चाला म्हणायचं आणि एक थांबा म्हणायचं. कारखान्याच्या मोकळ्या तळावर ऊस संपला की वाहनं नसतात, तिथं मी वर्तुळं काढते. हे गावभर सांगत फिरतात, "गाडी इतकी सोपी हाय, आमची मंडळीबी चालवती." सांगू देत.

चंद्रकला

·

नेवासा, २२ एप्रिल

चंद्रकलाबाई,

तुम्ही परवा आमच्या दारापासून पन्नास पावलांवर गिरणीत पिठानं पांढऱ्या होऊन बसलात, आणि मी ओट्यावर कपाळाला हात लावून. ह्याला म्हणतात करायला गेलो एक आणि झालं भलतंच. तुम्ही आत होतात, म्हणून बाहेर काय झालं ते कळवते.

नगरच्या चार्जरपुढं लग्नाच्या गाड्या उभ्या होत्या आणि नंबर लागला नाही, हे तुम्ही उतरता उतरता कानात सांगितलंत, तेव्हा मला वाटलं देव आपल्या बाजूनं आहे. गाडीत चार्ज नाही, समोर बटण. मी कणीकसुद्धा मळून ठेवली होती. आणि तुमचे फोरमनसाहेब ओट्यावर टेकलेसुद्धा नाहीत, सरळ गिरणीत. "मोहियोद्दीनभाई, दोन तास लाईट द्या, काय हुतील ते पैसे घ्या."

तुम्ही गेल्यावर सृष्टी दारातच उभी राहिली. मग हसायला लागली. म्हणाली, "आई, पप्पा बघा, गव्हाच्या पोत्यावर बसलेत, मिशा पांढऱ्या झाल्यात." हसत हसत तिनं डबा भरला आणि गिरणीच्या दारात जाऊन उभी राहिली. त्यांनी डब्याकडे बघितलं आणि "भूक न्हाई गं पोरी" म्हणाले, ते तुम्ही ऐकलंच. परत येताना ती हसत नव्हती. न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसली. नळाचा आवाज फार वेळ येत होता.

मोहियोद्दीनभाईंनी तुमच्या ह्यांना जे ऐकवलं ते मात्र मला संध्याकाळी कळलं. म्हणे, "सृष्टी मला चाचा म्हनती. चाचाचं घर ते लेकीचंच घर झालं की, काकासाहेब. हितली वीज कशी चालती तुमाला?" त्यावर तुमचे हे तडक उठले आणि वायर काढली म्हणतात. आणि त्याच वेळी लाईटही गेली होती, तेव्हा वायर काढून त्यांनी कोणावर उपकार केले हे मोहियोद्दीनभाईंना अजून समजलेलं नाही.

सुखरूप पोचलात ना? फोन लागला नाही आणि लागला असता तरी गाडीनंच ऐकला असता.

लंका

·

श्रीगोंदा, २८ एप्रिल

विहीणबाई,

पोचलो. कसे पोचलो ते ऐका.

घोडेगाव सोडलं आणि ह्यांनी गारवा बंद केला. पुढं गाणी बंद. पुढं मला म्हणाले, मोबाईल चार्जिंगला लावला असशील तर काढ. काचा उघडल्या तर वारा गाडीला अडवतो म्हणून त्याही बंद. एप्रिलच्या दुपारी, विहीणबाई, दोन माणसं बंद डब्यात, अंगावर पीठ आणि वरून घाम. आमच्या दोघांची कणीक भिजत होती. नगर जवळ आलं आणि समोरच्या पडद्यावर कासवाचं चित्र आलं. ते आलं की गाडी कासवाच्याच चालीनं जाते. आमच्या शेजारून जनावरांचा टेम्पो पुढं गेला आणि त्यातल्या कालवडी मागं वळून आमच्याकडे बघत राहिल्या.

मला हसू आवरेना. मी हसले म्हणून हे चिडले, आणि मग त्यांनाही हसू फुटलं. पिठानं भरलेल्या मिशांखाली ते असे हसले, की मला लग्नातले काकासाहेब आठवले. चार्जरला गाडी लागली तेव्हा कासव सोडून पडद्यावर काही उरलं नव्हतं. तिथल्या चहावाल्याकडे हे तीन कप चहा प्यायले. परक्याचा चहा चालतो. लेकीचा चालत नाही.

तुमचं पत्र मोनिकाच्या पार्लरात बसून वाचलं. नळाचं वाचलं आणि माझं हसू गेलं. विहीणबाई, मला माझ्या लेकीचा राग आला नाही, तुमचाही आला नाही. माझा मलाच आला. नेम त्यांच्या आईचा. मी कधी कुणाच्या पायावर हात ठेवून शपथ घेतली होती? दोन वर्षं मी त्यांच्या बाटलीतलं पाणी त्यांच्याबरोबर प्यायले, ते का प्यायले?

आता वर्तुळं पुरे झाली. मला सरळ रस्ता जमतो.

चंद्रकला

·

नेवासा, ३ मे

चंद्रकलाबाई,

या. एवढंच लिहिणार होते, पण कागद रिकामा पाठवायचा नसतो.

हायवेला डावीकडून या, घाई करू नका. मोहियोद्दीनभाई तुम्ही आल्यापासून दोन दिवस गिरणी बंद ठेवणार आहेत. विचारलं तर मोटार जळाली म्हणून सांगणार. त्यांच्या हसीनाभाभी म्हणाल्या, मलाबी त्या गाडीत बसायचंय, आवाज येत न्हाई म्हनत्यात ते बघायचंय.

अर्थिंगचा खड्डा वाळला आहे, पण मी त्यात पाणी घालत नाही. मुद्दाम. लाल दिवा जितका वेळ राहील तितका आपला.

लंका

·

(स्वयंपाकघरात, चार्जरच्या खुंटीला लावलेली चिठ्ठी)

९ मे, शुक्रवार

अहो,

गाडी घेऊन जातेय. नेवाशाला. भाकरी टोपल्यात आहेत, पिठलं झाकून ठेवलंय. अर्थिंगला पाणी घातलं, तुळशीलाही घातलं.

तुमचा नेम तुम्ही पाळा, मी मोडत नाही. मी माझा तांब्या पिऊन येईन. रागावला असाल तर फोन करा. गाडीतच वाजेल, हात मोकळे राहतील.

तुमची मंडळी, जी गाडीबी चालवती

·

श्रीगोंदा, १६ मे

आदरणीय सौ. लंकाबाई विहीणबाई यांना काकासाहेबांचा नमस्कार. बिभीषणरावांना सांगावा.

मला पत्र लिहायची सवय नाही. कारखान्यात मी फक्त दुरुस्तीचे रिपोर्ट लिहिले, तेव्हा हेही तसंच होईल. पण काही गोष्टी तुमच्यापुढं स्पष्ट केल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट. चिठ्ठी वाचून मी फोन केला तेव्हा पहिला प्रश्न "चार्ज किती उरलाय?" हा विचारला, हे खरं आहे. चंद्रकला ते आता सगळ्या श्रीगोंद्याला सांगते. दुसरा प्रश्न "तू कशी हायेस?" हा होता. तेवढा ती सांगत नाही.

दुसरी गोष्ट. तुम्हा दोघींना वाटतं की तुम्ही मला अडकवलं. मोनिकाच्या पार्लरात ह्या वयात चंद्रकला आठवड्याला का जाते, हा प्रश्न मला पडत नव्हता असं नाही. पोस्टमन श्रीमंतनं मला नेवाशाचा शिक्का दाखवला होता. पत्रं मी वाचली नाहीत. पण गाडी कुठं आहे आणि तिच्यात किती चार्ज आहे, हे मला घरी बसून मोबाईलवर दिसतं. त्या शुक्रवारी गाडीचा ठिपका तुमच्या दारातून प्रवरासंगमला गेला आणि परत आला. पुन्हा गेला. पुन्हा आला. तिसऱ्या खेपेला मी चंद्रकलेला पुन्हा फोन करणार होतो, तर गाडीतून हसण्याचा आवाज आला असता म्हणून केला नाही. हसीनाभाभींना घेऊन तुम्ही तिघी गारवा सोडून गाडी रिकामी करत होतात, आणि मी इथं खाटेवर बसून पंधरा टक्के, चौदा टक्के असं बघत होतो.

शनिवारी एसटीनं निघालो तेव्हा गाडीत बारा टक्के होते. बारा टक्क्यांत नेवाशाहून नगर येत नाही, हे फोरमनला कळतं. म्हणून मी पिशवीत लुंगी घालूनच निघालो होतो. राहायचं ठरवून आलो होतो, विहीणबाई. पाण्याच्या मात्र माझ्या दोन बाटल्या बरोबर होत्या.

गिरणीची मोटार जळाली नव्हती. जळालेल्या मोटारीला वास येतो.

तिसरी गोष्ट अवघड आहे. गाडी तुमच्या बटणाला लावली आणि लाल दिवा आला. मी खड्ड्यापाशी बसलो, बोट घालून पाहिलं, कोरडा ठणठणीत. माझ्या बाटल्या एसटीतच संपल्या होत्या. तेव्हा मी आत बघून म्हणालो, "सृष्टे, तांब्याभर पानी आन गं."

त्या घरात मी पाणी कधी मागितलं नव्हतं. आत भांडं पडल्याचा आवाज आला. तुम्ही पोळ्या टाकून बाहेर आलात. चंद्रकला दारात आली. बिभीषणराव वर्तमानपत्र घेऊन उभे राहिले. आणि पोरगी माठातलं पाणी घेऊन अशी धावत आली, की निम्मं तिच्या साडीवर सांडलं. तांब्या पुढं धरला आणि माझ्याकडे बघत राहिली.

विहीणबाई, ते पाणी मी खड्ड्यासाठी मागितलं होतं.

पण तिच्या तोंडाकडे बघितल्यावर मला ते खड्ड्यात ओतता येईना. मी उभ्यानंच प्यायलो. गार होतं, वाळ्याचा वास होता. पोरगी रडायला लागली, आणि माझ्याही डोळ्यांत पीठ गेलंय असं मी तुम्हाला म्हणालो, तर गिरणी बंद होती. दुसरा तांब्या मी खड्ड्यात ओतला, तेव्हा चंद्रकलेनं माझ्याकडे बघितलं. तिला कळलं असावं.

सृष्टीला हे कधीही सांगू नका. तिला वाटतंय तेच खरं आहे. आता मलाही तेच खरं वाटतं.

माझी आई असती तर काय म्हणाली असती, ह्याचा मी परतीच्या वाटेवर विचार केला. ती मला तहानलेला बघू शकत नसे, एवढंच आठवलं.

तुमच्या घरचा चहा जरा गोड असतो. राहिलो ते दोन्ही दिवस सकाळी मी तो दोनदा घेतला, ह्याची नोंद असावी. बिभीषणरावांना सांगा, खाटेचा एक पाय लहान आहे, पुढच्या खेपेला पाचर मारून देतो. खड्ड्याला रोज एक तांब्या पाणी घालत जा, मे महिन्यात तो कोरडा ठेवू नये, मुद्दामसुद्धा ठेवू नये. आणि पत्रं आता थेट आमच्या घरी पाठवा. मोनिका प्रत्येक पत्रामागं चंद्रकलेच्या भुवया कोरते, त्यामुळे ती सारखी दचकल्यासारखी दिसायला लागली आहे.

शेवटची गोष्ट. माझा चार्जर तुमच्या ओट्यावरच्या खुंटीला राहून गेला आहे. चाळीस वर्षांच्या नोकरीत मी साधा पान्हा कधी विसरलो नाही, म्हणून चंद्रकला हे वाचून हसते आहे. आणून देण्याची तसदी घेऊ नका. इकडे मी दुसरा घेतला आहे.

आपला,
काकासाहेब